मंगळवारचे तुकडे

“पण मग ते तुकडे तुम्ही घरी कशाला नेत होता?” त्या मुलीनं विचारलं. प्रश्न साधाच होता. वर्तमानपत्राची मुलगी, माझ्या लेकीपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल, टेबलावर फोन उताणा ठेवून माझं बोलणं त्यात भरून घेत होती. मी आपला नेहमीचा किस्सा सांगत होतो. हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की कुठे थांबायचं, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं आहे. सरकारी लॅबनं मला नऊ वेळा नापास केलं. नऊ वेळा! माझे नळाचे रबरी वायसर माझ्यादेखत सुरीनं कापले आणि तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबले. इथे घोट. दुसरा कुणी असता तर धंदा सोडून नोकरीला लागला असता, पण मी ते तुकडे घेऊन घरी जायचो आणि पुन्हा प्रेस तापवायचो. कुणी बोट धरलं नाही, कुणी वाट दाखवली नाही. जे केलं ते या दोन हातांनी. इथे मी हात वर करून दाखवतो, आणि लोक हमखास टाळ्या वाजवतात. बायको असली की हळूच म्हणते, “हो ना, आणि मी भिंतीला टेकून उभी होते,” कारण त्या दिवसांत वायसरच्या कडांना सुटलेलं जास्तीचं रबर तीच कातरायची, स्वयंपाक झाल्यावर, नखं कापायच्या कात्रीनं. त्यावरही लोक हसतात. मीही हसतो. इतक्या वर्षांत कुणी म्हणून विचारलं नव्हतं की अपमानाचे तुकडे माणूस घरी कशाला नेतो.

“आठवण म्हणून,” मी म्हणालो. मुलीनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. मलाही नव्हतं. आठवण म्हणून कुणी रबराचे तुकडे नेतं का? पुढचे प्रश्न तिनं विचारले, मी उत्तरं दिली, तरुणांना काय संदेश द्याल वगैरे. मी म्हणालो, कुणाची वाट पाहू नका. म्हणताना माझा आवाज मलाच शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. ती गेली. केबिनच्या काचेपलीकडे प्रेस उघडत होते, मिटत होते, आणि दुपारचं जेवण अंगावर येऊन माझे डोळे जड झाले होते. तापलेल्या रबराचा वास मला आता येत नाही. चाळीस वर्षं त्यात राहिल्यावर कसला येतोय! पण त्या दुपारी तो आला. अगदी पहिल्या दिवसासारखा, नाकाला झोंबणारा, गंधकाचा, थोडा गोडसर. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, नाही, हा आजचा वास नव्हे, तो कागदाच्या पुडीतून येतोय. पुडी माझ्या मांडीवर आहे, बसच्या खिडकीशी मी बसलोय आणि मला घरी पोचेपर्यंत धीर निघत नाहीये, म्हणून मी ती तिथंच उघडतोय.

चार वाजता बैठक होती. ती कशाची ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा आठवणीतच फिरतोय. आमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून ती सरकारी लॅब आहे. अजून आहे. आधी लॅब होती, मग मी शेजारी शेड घेतली, पण लोकांना उलटंच वाटतं, आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही. आमच्या संघटनेनं अर्ज केला होता की या लॅबचा आता उपयोग राहिलेला नाही, ती बंद करावी आणि जागा कारखानदारांना वाढीसाठी द्यावी. वरून निरोप आला, रस्त्यावरच्या सगळ्या कारखान्यांच्या सह्या आणा, एक जरी कमी असली तरी कागद परत. बावीस कारखाने. मी संघटनेचा अध्यक्ष, त्यामुळे पहिली सही माझी. आणि जागा भिंतीला लागून असल्यामुळे मिळणार आम्हाला. लेकीनं तर नकाशाही काढून ठेवला होता. दोन मोठे प्रेस, वेगळी थंड खोली, माल चढवायला स्वतंत्र दार. तिचा नकाशा मी पाहिला होता. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून असा नकाशा झाला नसता. “बाबा,” ती सकाळी म्हणाली होती, “नऊ वेळा नापास झालेला माणूसच म्हणतोय की लॅब नको, म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?” बोलताना ती हसली होती. लेक हसते क्वचित. हसली की आईसारखी दिसते, आणि मग मला कसलंही नाही म्हणणं जमत नाही.

साडेतीनला मी उठलो. चालतच जायचं होतं, संघटनेचा हॉल रस्त्याच्या टोकाला आहे. “मी नकाशा घेऊन पुढे जाते, तुम्ही सावकाश या,” असं सांगून लेक गेली होती. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता, आणि दोन्ही बाजूंच्या शेडमधून तोच आवाज येत होता, कुठे ठोकल्याचा, कुठे घासल्याचा. झोपेत कुणीतरी आपल्याबद्दल बोलत असावं असा. मी लॅबच्या फाटकाशी आलो आणि पाय थांबले. आत जायचं काही कारण नव्हतं. पण खिडकी उघडी होती, आणि खिडकीतून ती लांब टेबलं दिसत होती, तीच, वरचा पत्रा तेवढा बदललेला. मी फाटकाला हात लावून उभा राहिलो. तिथं एक बाई बसायच्या. डावीकडून दुसरं टेबल. तपासनीस होत्या. केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, कपाळावर कायमची आठी, जणू सकाळी उठल्याबरोबर कुणीतरी त्यांच्याशी भांडलंय. मला त्यांचं नाव माहीत नाही. दहा मंगळवार मी त्यांच्या समोर बसलो, आणि नाव विचारलं नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो, आणि त्यांच्या पाठीमागे जे म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंगळवारी लहान कारखानदारांचे नमुने फुकट तपासायचे. मी त्या वेळी कसला कारखानदार! एका खोलीत हातानं दाबायचा प्रेस, खाली शेगडी, आणि जोडीला फाजील आत्मविश्वास. बाई वायसर घ्यायच्या, अंगठ्याच्या नखानं दाबायच्या, वाकवायच्या, ओठाला लावून बघायच्या. ओठाला का लावायच्या ते मला पुढे कळलं, कच्चं राहिलेलं रबर ओठाला किंचित चिकटतं. मग यंत्रावर ताण द्यायचा, पाण्यात उकळायचं, आकडा लिहायचा. नापास. नियम असा होता की नापास माल कुणी बाहेर नेऊन विकू नये म्हणून तिथंच नष्ट करायचा. दुसरा नियम असा की तपासनिसानं अर्जदाराला सल्ला द्यायचा नाही, पास की नापास एवढंच सांगायचं, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, यांनीच शिकवलं आणि यांनीच पास केलं. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, ते मोठ्या कात्रीनं कचकन एक घाव घालायचे आणि तुकडे टेबलाखालच्या डब्यात. संपलं. सगळ्यांचा माल डब्यात जायचा. हे मी रोज, म्हणजे दर मंगळवारी, डोळ्यांनी पाहत होतो. आणि माझ्या किस्स्यात हे कधीच येत नाही, कारण हे आलं की किस्सा बसकण मारतो.

बाई कात्री वापरायच्या नाहीत. त्या पातळ पात्याची सुरी घ्यायच्या, पाण्यात बुडवायच्या आणि वायसर तिरका धरून कापायच्या. एक घाव नाही, पाच-सहा. सावकाश. मी पुढ्यात बसून जळायचो. मला वाटायचं, ही बाई मजा घेतेय, एका झटक्यात मारायचं सोडून हालहाल करून मारतेय. मग त्या तुकडे कागदावर ओळीनं मांडायच्या, कापलेली बाजू वर करून, पुडी बांधायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. “पुढच्या मंगळवारी आणा,” एवढंच. नऊ मंगळवारांत या तीन शब्दांपलीकडे आमचं बोलणं नाही. मी पुडी घ्यायचो, मनात शिव्या देत बसमध्ये चढायचो, आणि खिडकीशी बसून उघडायचो. बाहेरून काळाभोर, गुळगुळीत वायसर, त्यात मला काहीच वाईट दिसायचं नाही. आणि कापलेल्या बाजूला मधोमध बारीक बारीक छिद्रं. भाकरी नीट न भाजता उतरवली की आतून जशी दिसते तशी. बाईंची सुरी बरोबर तिथूनच गेलेली असायची. सहाच्या सहा घाव. जिथं काही नव्हतं तिथं एकही नाही.

फाटकाशी उभं राहून मला हे सगळं असं स्वच्छ दिसत होतं की मला भीतीच वाटली. म्हणजे मला हे माहीत होतं? आज कळलं असं म्हणायची सोय नव्हती. चौथ्या पुडीनंतर मी आच वाढवली, छिद्रं कमी झाली. सहाव्या पुडीत छिद्रं एकाच बाजूला आली, तेव्हा मला उमगलं की साच्यात हवा कोंडतेय. साचा मिटला की क्षणभर किंचित उघडायचा, त्याला श्वास सोडू द्यायचा, आणि पुन्हा मिटायचा. माझ्या कारखान्यात आजही नव्या माणसाला पहिली हीच गोष्ट शिकवतात, आणि तिला म्हणतात काय, तर ‘साहेबांची फुंकर’. साहेबांची! आठव्या पुडीत नुसती एक रेघ उरली होती, केसासारखी. नवव्या मंगळवारी बाईंनी कापून बघितलं, पुन्हा कापलं, तुकडा खिडकीकडे धरला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. किती वेळ? असेल एक क्षण. पण यंत्राचा आकडा त्यांनी आधीच लिहिला होता. तो थोडासाच कमी होता. नापास. दहाव्याला पास. शिक्का बसला, आणि त्या शिक्क्यावर पाणीखात्यानं माझे वायसर घेतले, शहराच्या अर्ध्या नळांत माझा माल गेला. तेही मी सांगतो, पण असं की मी दारोदार फिरलो. फिरलो होतो, नाही असं नाही. पण त्या शिक्क्यावाचून कुणी दारात उभं केलं नसतं.

मग मला वाटलं, मी खोटारडा आहे का? मी फाटकावरची गंजलेली पट्टी नखानं खरवडत होतो. खोटं असं मी एकही वाक्य बोललो नव्हतो. नऊ वेळा नापास झालो होतो, तुकडे कापले होते, पुन्हा प्रेस तापवला होता, बोटं भाजली होती. आच वाढवली ती मी, बाईंनी नव्हे. त्यांनी दाखवलं, पण बघायला मलाच लागलं. शेजारच्या टेबलासमोर माल घेऊन बसणाऱ्यांतले किती जण पुन्हा आलेच नाहीत. मेहनत माझीच, यात शंका नाही. फक्त त्या मेहनतीला कुणीतरी नऊ वेळा उजेडाकडे धरलं होतं. नियमाच्या बाहेर न जाता, नियमाच्या अगदी कडेला उभं राहून. आणि मी त्याचा अपमान म्हणून किस्सा केला, कारण उपकार म्हटलं की माणूस थोडा खाली येतो, आणि अपमान म्हटलं की वर जातो. एवढा साधा हिशोब. बाई निवृत्त झाल्या असतील, गेल्याही असतील. त्यांनी कधी वर्तमानपत्रात वाचलं असेल का, की त्यांनी माझ्या हातात तुकडे कोंबले म्हणून? मला एकदम घाम फुटला. आणि तिथं, त्या घामात, बाईंची आठवण बाजूला सरली आणि लेक माझ्या समोर येऊन उभी राहिली. बैठकीतली नव्हे. अकरा वर्षांपूर्वीची, ओढणीला रबराची पूड लागलेली.

तिला माझ्या कारखान्यात यायचं नव्हतं. तिनं स्वतःचं काढलं होतं, दोन खोल्यांत, मैत्रिणीच्या घरामागे. काठीच्या टोकाला असते ना, रबराची टोपी, ती. म्हातारी माणसं ओल्या फरशीवर घसरतात, त्यांच्यासाठी तिनं खालून खाचा पाडलेली टोपी केली होती. डोकं चालवलं होतं पोरीनं. पहिला माल गेला, नावाजला गेला, आणि दोन महिन्यांत परत यायला लागला. टोप्या कडेनं फाटत होत्या. एक दिवस ती केबिनमध्ये आली आणि एक टोपी माझ्या टेबलावर ठेवली. “बाबा, जरा बघता?” एवढंच म्हणाली. मी ती उचलली, उलटी केली, आत बोट घातलं. मला लागलीच कळलं. आयुष्य गेलंय त्यात, कळणार नाही तर काय! आणि मी ती टोपी तिच्या हातात परत दिली. म्हणालो, “स्वतः शोध. मला कुणी सांगितलं होतं?” मला वाटलं होतं, मी तिला घडवतोय. खरंच वाटलं होतं. टोपी मुठीत घेऊन ती निघून गेली. वर्षभरात तिनं खोल्या सोडल्या, माझ्याकडे कामाला आली, आणि त्या टोपीचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. बाईंनी नापास माल निदान कापून तरी दिला होता. मी माझ्या लेकीच्या हातात तिची चूक अख्खी परत ठेवली होती.

हॉलमध्ये मी दहा मिनिटं उशिरा पोचलो. सगळे जमले होते, पंखे घरघरत होते, चहाचे कप फिरत होते. लेकीनं शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, मांडीवर नकाशाची गुंडाळी. “बरं वाटत नाहीये का?” तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. संघटनेच्या सेक्रेटरीनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “साहेब, श्रीगणेशा तुम्हीच करा, आणि दोन शब्दही बोला.” मी उभा राहिलो. मी म्हणालो की मी एकट्यानं काही केलेलं नाही. शेजारच्या लॅबमधल्या एका बाईंनी मला धंदा शिकवला, नऊ मंगळवार, न बोलता, आणि मी चाळीस वर्षं त्यांच्या नावानं खडे फोडत आलोय. मी म्हणालो, मी जे सांगत आलो ते अर्धंच होतं. आणि, देवा रे, त्यांनी टाळ्या वाजवल्या! “याला म्हणतात मोठेपणा,” मागून कुणीतरी म्हणालं. “एवढं करून बघा पाय कसे जमिनीवर!” आमच्यातल्या साचे बनवणाऱ्या कारखानदाराच्या तर डोळ्यांत पाणी आलं. सेक्रेटरीनं पेन माझ्या हातात दिलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. आणि त्यांचा तरी काय दोष, घडा मीच पालथा घालून ठेवला होता.

मी पेन खाली ठेवलं. “माझ्या हातून सही होणार नाही,” मी म्हणालो. आता मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुजबुज झाली, कुणीतरी तोंड दाबून हसलं, म्हातारा भावनेच्या भरात आहे. सेक्रेटरी मोठा हुशार माणूस. “काही हरकत नाही,” तो म्हणाला, “ताई भागीदार आहेतच. कारखान्याची सही झाली म्हणजे झालं.” आणि त्यानं कागद आणि पेन माझ्यापुढून उचलून लेकीच्या पुढ्यात ठेवलं.

तिनं पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं नाही. ओठ न हलवता बोलावं तसं ती बोलली, मला एकट्याला ऐकू येईल इतकंच. “आज? लोकांनी केलेली मदत तुम्हाला आजच आठवायची होती? मी दोन वर्षं हा नकाशा काढतेय, बाबा.” मी म्हणालो, “माहीत आहे.” “तुम्हीच शिकवलंत ना, कुणाची वाट पाहू नका म्हणून? मी नाही पाहिली. एकदा पाहिली होती, तुमची, केबिनमध्ये उभी राहून.” तिचं पेन कागदावर टेकलं होतं आणि टोकाशी शाईचा ठिपका वाढत चालला होता. तिचा हात माझ्यासारखा आहे, अंगठा रुंद. मला तो हात धरावासा वाटला आणि धरता आला नाही. समोरचे एकवीस जण वाट पाहत होते, कुणीतरी घड्याळ बघत होतं. मग ती वळली आणि पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“काय चुकलं होतं त्यात?” तिनं विचारलं.

कशात, असं मी विचारलं नाही. “आतला खड्डा खोल होता,” मी म्हणालो. “काठीचं टोक तळाला टेकत नव्हतं, त्यामुळे सगळा भार कडेवर यायचा. खड्डा बोटभर उथळ करायचा, तळ तेवढाच जाड ठेवायचा, बस.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिनं ते ऐकलं. तिची नजर कागदावर होती, पण ती कागद वाचत नव्हती. तिच्या डाव्या हाताचं एक बोट टेबलावर वाकलं, आत काहीतरी चाचपावं तसं, आणि सरळ झालं. अकरा वर्षांत तिनं ते किती वेळा चाचपलं असेल, माझ्या कारखान्यात माझ्या शेजारी बसून. देव जाणे. “आणि हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?” तिनं विचारलं. तेव्हा नव्हतं, नंतर कळलं, असं म्हणण्याइतकी जागा त्या प्रश्नात होती. ती जागा तिनंच ठेवली होती, इतकी ती माझी लेक होती. मी म्हणालो, “हो. बोट घातल्याबरोबर.”

तिनं पेनाला टोपण लावलं. कागद सेक्रेटरीकडे परत सरकवला आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, “आमच्या कारखान्याची सही नाही. राहू दे ती लॅब. कुणीतरी सांगणारं हवं.” हॉलमध्ये एकदम गलका उठला. सेक्रेटरी “ताई, ताई” करत उभा राहिला, साचेवाला माझ्या नावानं काहीतरी ओरडत होता. नकाशाची गुंडाळी तिनं खुर्चीवरच ठेवली आणि ती बाहेर पडली. ते तिनं माझ्यासाठी केलं नव्हतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी तिच्या मागे जायला उठलो, पण गुडघे हल्ली लगेच सरळ होत नाहीत. दारापर्यंत पोचलो तोवर ती बरीच पुढे गेली होती, भर उन्हात, कारखान्याच्या उलट्या दिशेनं. मी तिला हाक मारली. ती थांबली नाही.